एवढंसं इंजिन एवढी माणसं कशी ओढतं?

"मावशी, हे आपल्याला ओढेल?"

सात वर्षांच्या मुलीनं हा प्रश्न विचारला तेव्हा ती हाइथ स्टेशनच्या फलाटावर इंजिनाशेजारी उभी होती. इंजिनाचं धुराडं तिच्या डोक्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच. मागे बारा डबे, आणि त्यांत चढायला आलेली माणसं मात्र पूर्ण आकाराची. त्यात आम्ही चौदा जण होतो. लंडनच्या पूर्वेकडच्या उपनगरांत राहणारी तीन मराठी कुटुंबं, त्यांची मुलं आणि सुट्टीत भारतातून आलेले आजी-आजोबा. कुणाच्या खांद्याला डब्यांची पिशवी, कुणाच्या हातात छत्री.

तिचा प्रश्न लहान मुलाचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नव्हता. पुण्यात पेशवे पार्कच्या फुलराणीत १९५६ पासून किती पिढ्या बसल्या असतील, आणि त्यांतल्या कित्येकांनी आईबाबांना नेमकं हेच विचारलं असेल. मोठ्यांनाही उत्तर ठाऊक नसतं. ते "ओढतं गं, बस" म्हणतात आणि मुलाला आत बसवतात. या प्रकरणात त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. दिवसभर त्या गाडीत आणि गाडीभोवती फिरताना ते थोडंथोडं करून हाती लागलं, म्हणून इथेही तसंच सांगते.

१. खेळणं नव्हे, रेल्वे

आधी एक शब्द समजून घेऊ: गेज. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. भारतातल्या ब्रॉडगेजचं हे अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. इंग्लंडातलं १४३५. १९०७ साली सुरू झालेल्या आपल्या नेरळ-माथेरान गाडीचं ६१० मिलिमीटर, बरोबर दोन फूट. आमच्यातले आजोबा कुर्डुवाडीचे. बार्शी लाइटच्या गाडीत बसून ते आषाढीला पंढरपूरला जायचे, आणि त्या गाडीचं गेज होतं ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. हाइथच्या फलाटावर ते वाकून रूळ बघत होते. "आमची बार्शी लाइट याच्यापुढे हत्तीच," म्हणाले.

इथलं गेज आहे ३८१ मिलिमीटर. पंधरा इंच. शाळेतल्या सव्वा पट्टीएवढं हे अंतर घरी जमिनीवर खडूनं आखून पाहा, म्हणजे अंदाज येईल.

या रेल्वेचं नाव रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, समुद्राच्या कडेनं ती साडेतेरा मैल धावते, म्हणजे सुमारे पावणेबावीस किलोमीटर. तिची कल्पना दोन श्रीमंत मोटारशर्यतपटूंची: काउंट लुई झ्बोरोव्स्की आणि कॅप्टन हाऊई. झ्बोरोव्स्कींनी दोन इंजिनांची मागणी नोंदवली आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये इटलीत मोंझाच्या शर्यतीत त्यांचा मृत्यू झाला. हाऊईंनी ती इंजिनं घेतली, पण ती चालवायला रेल्वे नव्हती. हेन्री ग्रीनली या अभियंत्यानं जागा शोधली, आणि १६ जुलै १९२७ रोजी ही लाइन लोकांसाठी खुली झाली. पुढच्या वर्षी ती डंजनेसच्या टोकापर्यंत पोचली.

माझं मन जिंकलं ते यापुढच्या इतिहासानं. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं ही रेल्वे ताब्यात घेतली आणि हिच्या एका इंजिनाला चिलखत चढवून मशीनगनची गाडी चालवली. समुद्राच्या तळातून फ्रान्सला इंधन पोचवणारी नळवाहिनी टाकताना सामान वाहिलं तेही हिनंच. १९४७ मध्ये युद्धानं बंद पडलेला भाग पुन्हा सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला लॉरेल आणि हार्डी आले होते. नंतर कित्येक वर्षं या भागातली मुलं याच गाडीनं शाळेत जात. ती शाळेची गाडी २०१५ पर्यंत धावली. दप्तर घेऊन पोरं रोज ज्या गाडीत चढतात तिला खेळणं म्हणता येणार नाही.

२. लाडवाचं गणित

आता इंजिनाकडे. हिरवंगार, पितळेच्या पट्ट्या लखलखत होत्या. 'ग्रीन गॉडेस' नावाचं हे इंजिन आणि त्याच्या बहिणी इंग्लंडच्या मोठ्या लाइनवरच्या एका गाजलेल्या इंजिनाच्या नमुन्यावर बांधल्या आहेत. 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे त्या जातीचं सर्वांत प्रसिद्ध इंजिन. ही त्याची साधारण एक तृतीयांश प्रतिकृती.

एक तृतीयांश म्हणजे किती लहान? इथेच बहुतेकांची फसगत होते.

बेसनाचे लाडू वळताना पाहा. एक मोठा लाडू वळला आणि त्याच्या निम्म्या उंचीचे छोटे वळायला घेतले, तर तेवढ्याच बेसनात छोटे किती होतील? पुष्कळ जण दोन म्हणतात. होतात आठ. कारण उंची निम्मी, रुंदी निम्मी आणि जाडीही निम्मी: २ × २ × २ = ८. वरून लावायला बेदाण्याऐवजी चांदीचा वर्ख घेतला तर छोट्या लाडवाला वर्ख मोठ्याच्या एक चतुर्थांश लागतो, कारण वर्ख नुसता पृष्ठभागावर: २ × २ = ४. बेसन आठपट कमी झालं, वर्ख चारपटच.

एवढं पक्कं धरून ठेवा. वस्तू लहान झाली की वजन फार झपाट्यानं उतरतं आणि पृष्ठभाग त्यामानानं कमी उतरतो.

इंजिन तीनपट लहान केलं तर वजन ३ × ३ × ३ म्हणजे २७ पटींनी कमी. मोठं इंजिन टेंडरसकट, म्हणजे कोळसा-पाणी वाहणाऱ्या जोडगाडीसकट, सुमारे १५० टनांचं. त्याला २७ नं भागा: साडेपाच टन. जोराचं काय? सिलिंडरातल्या दट्ट्याला वाफ ढकलते. जोर म्हणजे वाफेचा दाब गुणिले दट्ट्याचं तोंड. दाब लहान इंजिनात मोठ्याएवढाच ठेवता येतो, आणि तोंडाचा पृष्ठभाग फक्त नऊपट कमी होतो. थोडक्यात, जोर नऊ पटींनी उतरला आणि वजन सत्तावीस पटींनी. वजनाच्या मानानं छोटं इंजिन मोठ्याच्या तिप्पट ताकदवान झालं!

मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं नेते आणि हत्तीला ते जमत नाही, याचं मूळही इथेच आहे.

पण एक गोष्ट लहान होत नाही: प्रवासी. आमची आजी गाडीत चढताना एक तृतीयांश होत नाही. म्हणून या इंजिनाला त्याच्या आकाराला न शोभणारं ओझं ओढावं लागतं, आणि म्हणूनच इंजिनांचा आराखडा करताना ग्रीनलींनी हुबेहूब नक्कल केली नाही. सांगाडा जाड केला, भाग भरभक्कम केले. ही इंजिनं आज आठ टनांच्या आसपास आहेत, हिशेबी साडेपाच टनांपेक्षा बरीच जड. आणि ते वजन लागतंच. का, ते पुढे.

३. ओढायला जोर लागतो तरी किती?

सिमेंटचं पन्नास किलोंचं पोतं जमिनीवरून ओढून पाहिलं असेल तर ठाऊक असेल, वीस-पंचवीस किलो उचलावेत इतका जोर लागतो. तेच पोतं हातगाडीवर ठेवलं तर एक पोरगाही ढकलतो. चाकाची ही करामत. पण चाकाचाही फरक असतो. मोटारीचं रबरी टायर जमिनीला टेकतं तिथे दबतं, चपटं होतं, आणि फिरताना सतत दबत-फुगत राहतं. त्यात जोर वाया जातो. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. मोठ्या रेल्वेचं चाक रुळाला टेकतं ती जागा अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी नसते.

म्हणून एक टन वजन सपाट रस्त्यावर टायरांवर चालतं ठेवायला दहा-बारा किलोंचा जोर लागतो, तर मोठ्या रेल्वेच्या चाकांवर दोन-तीन किलोंत भागतं. छोट्या रेल्वेची चाकं छोटी, रुळांचे सांधे त्यामानानं मोठे, म्हणून थोडा जास्त लागतो. हिशेबासाठी आपण टनाला आठ किलो धरू.

आता आमची गाडी. बारा डबे. डबा आणि आतली माणसं मिळून अडीच टन धरले तर तीस टन. इंजिन आठ. एकूण ३८ टन.

३८ × ८ = ३०४ किलो.

एवढंच. अडतीस टनांची गाडी सपाटीवर चालती ठेवायला तीनशे किलोंचा जोर. धट्टेकट्टे दहा-बारा जण दोरी लावून ओढतील. प्रश्न विचारणारीला मी तिथेच फलाटावर हे सांगितलं. तिनं तोंड वासलं आणि आपल्या सगळ्यांची मोजणी सुरू केली.

मात्र जोर असून भागत नाही, पकड लागते. ओल्या फरशीवर कपाट ढकलताना कपाट जागेवर राहतं आणि आपलेच पाय मागे सरकतात, तसं इंजिनाचंही होतं. वाफेनं फिरणाऱ्या चाकांवर जेवढं वजन असतं, कोरड्या रुळावर त्याच्या साधारण एक चतुर्थांश जोर ती लावू शकतात. त्याहून जास्त लावला की चाकं जागच्या जागी गरगरतात. फिरत्या चाकांवर तीन टन आलेत असं धरू. चतुर्थांश म्हणजे ७५० किलो. पाऊस पडला तर निम्म्यावर, ३७५. आपल्याला हवेत ३०४. पावसातही निभावलं. साडेपाच टनांची हुबेहूब नक्कल असती तर चाकांवर वजन कमी, पकड कमी, आणि पावसात गाडी फलाटावरच घसरत बसली असती. वजन लागतं ते असं.

चढ आला की चित्र पालटतं. शंभर मीटरला एक मीटर, एवढ्या चढावर प्रत्येक टनामागे आणखी दहा किलो लागतात. म्हणजे ३८० जास्त. एकूण ६८४. कोरड्या रुळावर कसंबसं जमेल, ओल्यावर नाही. माथेरानच्या घाटात चढ आहे वीस मीटरला एक मीटर, टनामागे पन्नास किलो. हीच गाडी तिथे नेली तर २२०० किलोंचा जोर हवा. म्हणून माथेरानची गाडी मोजक्या डब्यांची, आणि ही बारा डब्यांची. ग्रीनलींनी निवडलेला रॉम्नी मार्श हा समुद्र हटवून मिळवलेल्या पाणथळ जमिनीचा पट्टा आहे, परातीसारखा सपाट. कित्येक ठिकाणी तो भरतीच्या पातळीच्याही खाली आहे आणि डिमचर्चचा बांध समुद्राला थोपवून धरतो. छोट्या रेल्वेला याहून चांगली जागा क्वचित मिळाली असती.

४. फुंकणी आणि चहाचा कप

गाडी सुटायच्या आधी मी मुलांना घेऊन इंजिनापाशी गेले. ड्रायव्हर टेंडरच्या पुढच्या भागात खाली बसतो, पाय पसरून, जवळजवळ जमिनीला टेकून. मोठ्या इंजिनावर दोघं असतात, एक चालवतो आणि एक कोळसा टाकतो. इथे दोन्ही कामं एकाचीच. त्यानं हातभर लांबीचं फावडं घेतलं, भट्टीचं दार उघडलं, सुपारीहून थोडे मोठे कोळशाचे तुकडे नेमक्या एका कोपऱ्यात टाकले आणि दार लावलं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा तेच. सारखं थोडंथोडं, चिमणी दाणे टिपते तसं.

असं का, हे लाडवावरून कळतं. चहाचं पातेलं तासभर गरम राहतं, त्यातलाच कपात ओतलेला चहा दहा मिनिटांत निवतो. उष्णता साठते ती पाण्यात, आणि निसटते ती पृष्ठभागातून. तीनपट लहान बॉयलरला, पोटातल्या पाण्याच्या मानानं, तिप्पट पृष्ठभाग. म्हणून त्याला वरून जाड वेष्टन घालतात, आणि म्हणूनच ड्रायव्हरला आगीवरून नजर हलवता येत नाही. मोठ्या इंजिनात पाच मिनिटांचं दुर्लक्ष खपतं, इथे दाब लगेच खाली येतो.

आग कशी फुलते हे मला या साऱ्यात सर्वांत देखणं वाटतं. चुलीपाशी आजी फुंकणी घेऊन बसायची, आठवतं? इंजिनाची फुंकणी त्याच्या धुराड्यात असते. दट्ट्याला ढकलून झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर फेकली जाते. जाताना ती आतली हवा खेचून नेते, आणि ती जागा भरायला भट्टीत खालून ताजी हवा घुसते. तोच तो छुक-छुक आवाज. गंमत अशी की, गाडी जड असेल, चढ असेल, तर वाफ जास्त जोरात बाहेर पडते आणि आग आपोआप जास्त फुलते. इंजिन जेवढं राबेल तेवढी त्याची फुंकणी जोरात. हे जमवून आणायला कुणी वेगळा माणूस लागत नाही.

बॉयलरातून आगीचा धूर न्यायला नळ्या असतात, त्यांच्याभोवती पाणी. मोठ्या इंजिनाच्या नळ्या तशाच्या तशा तीनपट बारीक केल्या तर काजळीनं तुंबतील आणि ज्वाळा आत शिरण्याआधीच विझेल. म्हणून छोट्या इंजिनात नळ्या संख्येनं कमी आणि मानानं जाड. याहून कितीतरी लहान इंजिनांत, जिथे रुळांमधलं अंतर फक्त अडीच इंच असतं, कोळसा जळूच शकत नाही असं १९२० च्या सुमारास बरेच जाणकार मानत. ती इंजिनं स्पिरिटच्या दिव्यावर चालत. 'एलबीएससी' या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका कारागिरानं तेव्हा 'आयेशा' नावाचं इंजिन बांधलं. नळ्यांचं, भट्टीचं माप स्वतःच्या अनुभवानं ठरवलं, कोळसा पेटवला, आणि त्या हातभर इंजिनानं जिवंत माणूस ओढून दाखवला. छंद म्हणून घराच्या गॅरेजात इंजिन बांधणारे आजही त्याच वाटेनं जातात. त्यांचे क्लब प्रत्येक बॉयलर ठरावीक काळानं तपासतात, तेही नेहमीपेक्षा जास्त दाबाचं पाणी भरून. वाफ भरून नाही. पाणी दबत नाही, त्यामुळे बॉयलर फुटलाच तर थोडं पाणी सांडतं. वाफ मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी उसळते.

५. आठ बोटं

डब्यात बसल्यावर आजीनं विचारलं, "उलटणार तर नाही ना गं ही?"

हाही प्रश्न बरोबरच होता. सर आर्थर हेवूड या इंग्रज गृहस्थांनी तो स्वतःला सर्वांत आधी गांभीर्यानं विचारला. मोठ्या जमीनदारांच्या इस्टेटीवर मालवाहतुकीला अगदी स्वस्त रेल्वे हवी, म्हणून कमीत कमी किती गेज चालेल याचा शोध त्यांनी घेतला. नऊ इंचांवर प्रयोग करून पाहिला, तो माणसांसाठी डळमळीत वाटला. मग १८७४ पासून डफील्ड बँक इथल्या स्वतःच्या घराभोवती त्यांनी पंधरा इंचांची रेल्वे बांधली आणि पंधरा इंच हीच माणसं सुरक्षित नेण्याची किमान मर्यादा ठरवली. रॉम्नीचे पंधरा इंच तिथून आलेले आहेत.

डळमळण्याचा हिशेब साधा आहे. पाटावर बसलेला माणूस सहसा पडत नाही, उंच स्टुलावरचा पडू शकतो. आणि स्टूल अरुंद असेल तर लवकर पडतो. रेल्वेचं स्टूल म्हणजे दोन रूळ. माणूस आणि डबा मिळून एकूण वजनाचा मध्य जोवर दोन रुळांच्या आत आहे तोवर गाडी उभी राहते.

क्लबांच्या बागेत साडेसात इंचांहून किंचित कमी, म्हणजे १८४ मिलिमीटर गेजच्या गाड्या असतात. त्यांवर घोड्यावर बसावं तसं पाय सोडून बसतात. मध्यापासून रूळ ९२ मिलिमीटरवर. गाडी चाळीस किलोंची आणि माणूस सत्तर किलोंचा धरला, तर तो माणूस बाजूला किती झुकला की गाडी कलंडेल?

९२ × ११० ÷ ७० = सुमारे १४५ मिलिमीटर.

आपली आठ बोटं एकाला एक लावून ठेवा, तेवढं. मागच्या मित्राचा फोटो काढायला वळलेला माणूस सहज एवढा झुकतो. म्हणून अशा गाड्यांवर "सरळ बसा, झुकू नका" असं प्रत्येक फेरीला सांगतात. ते मनापासून ऐकावं.

रॉम्नीच्या डब्यात रूळ मध्यापासून १९० मिलिमीटरवर. सोळा माणसं, प्रत्येकी पासष्ट किलो, म्हणजे साधारण एक टन, आणि डबा धरून अडीच टन. तोच हिशेब केला तर सगळ्या सोळा जणांना एकाच वेळी एकाच बाजूला दीड फूट सरकावं लागेल. दोघं दोघं शेजारी बसतील एवढाच डबा रुंद. सरकायला जागाच नाही. शिवाय आसनं इतकी खाली की बसल्यावर हात लांब केला तर गवताला लागेल, असं वाटतं. आजीला मी आकडे सांगितले नाहीत. "पाटावर बसल्यासारखं आहे, आई," एवढंच म्हटलं, आणि त्या निवांत झाल्या.

एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. लांब पल्ल्याच्या मोठ्या गाडीचा डबा माणसांहून कितीतरी जड असतो. इथे डब्याच्या तोडीस तोड माणसं जड. म्हणजे छोट्या रेल्वेत प्रवासी स्वतः यंत्राचा भाग असतो, त्याच्या वागण्यावर गाडीचं चालणं अवलंबून राहतं.

६. डंजनेसकडे

शिट्टी झाली. सुरुवातीचे ठोके मोजता येतात: छुक, छुक, छुक. मग ते एकात एक मिसळतात. या इंजिनाची मोठी चाकं दोन फुटांहून थोडी जास्त उंचीची. एका फेऱ्यात गाडी दोन मीटर पुढे जाते. ताशी चाळीस किलोमीटर हा तिचा कमाल वेग, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर, साडेपाच फेरे. दोन सिलिंडरांच्या इंजिनातून प्रत्येक फेऱ्याला चार वेळा वाफ सुटते. सेकंदाला बावीस ठोके! कानाला तो सलग घुमणारा आवाज वाटतो.

आणि चाळीसचा वेग चाळीसचा वाटत नाही. डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर, रुळाकडेची गवताची पाती हाताच्या अंतरावरून सपकन मागे जाणारी. लोकलच्या दारात उभ्यानं वाशीच्या पुलावरून जाण्याची सवय असलेला आमच्यातला एक जण खिडकीची कड घट्ट धरून बसला होता.

गाडी घरांच्या परसदारांतून जाते. दोरीवर वाळत घातलेले कपडे, टोमॅटोची रोपं, कुंपणापाशी उभा राहून शेपूट हलवणारा कुत्रा. मग मेंढ्यांची कुरणं, पाण्याचे चर. फाटकं येतात तेव्हा शिट्टी लांबते. या फाटकांवर २००३ आणि २००५ मध्ये मोटारींशी टक्कर होऊन दोन ड्रायव्हर मृत्युमुखी पडले. इंजिन आठ टनांचं असलं तरी ते चालवणारा माणूस किती खाली, किती उघडा बसतो, हे सकाळी पाहिलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक फाटकाला माझी नजर त्या पुढच्या पाठमोऱ्या माणसाकडे जात होती.

न्यू रॉम्नीला मुक्काम मोठा करावा. रेल्वेची इंजिनांची शेड इथे आहे. मुलांना खालून इंजिन पाहायला मिळालं तर सोडू नका. दांडे, जोडण्या, तेलाची भांडी सगळं डोळ्यांच्या उंचीवर येतं.  गट घेऊन जाणार असाल तर आधी कळवून जा, कारण हिवाळ्यात गाड्या रोज नसतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांना चढायला-उतरायला वेळ लागतो. इंजिनामागच्या पहिल्या डब्यात बसणाऱ्यांनी डोळ्यांवर चष्मा ठेवावा, कोळशाची कणी उडते.

तिथून पुढे घरं विरळ होतात आणि डंजनेसचा गोट्यांचा किनारा सुरू होतो. झाड नाही, माती नाही, नुसते गोटे आणि त्यांत उगवलेली समुद्रकोबी. १९०४ चं काळं दीपगृह, त्यामागे बंद झालेल्या अणुवीज केंद्रांच्या अजस्र भिंती, आणि त्यांच्या पायथ्याशी आमची पंधरा इंचांची गाडी वळसा घेत होती. इथे रूळ गोल फिरून स्वतःला मिळतात, त्यामुळे इंजिन काढून फिरवावं लागत नाही. दीपगृहाच्या सावलीत आम्ही पोळी-भाजीचे डबे उघडले. आजोबांनी बार्शी लाइटचा विषय काढला. कमी वजनाचे रूळ टाकूनही जड गाडी चालवायची, म्हणून एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्यानं १८९७ मध्ये तिथे इंजिनाचं आणि डब्यांचं वजन सगळ्या आसांवर सारखं वाटून दिलं होतं, एका आसावर पाच टनांच्या वर नाही. "वारीच्या दिवसांत टपावर माणसं बसायची, तरी रूळ दबले नाहीत कधी," आजोबा म्हणाले. सकाळी रुळांकडे वाकून ते नेमकं काय पाहत होते, ते मला तेव्हा कळलं.

परत हाइथला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. हाइथला वळसा नाही. इंजिन डब्यांपासून सुटं झालं आणि फलाटाच्या टोकाच्या फिरत्या चकतीवर जाऊन उभं राहिलं. ड्रायव्हर खाली उतरला. पुढे-मागे पाहून त्यानं इंजिन हातभर मागे घेतलं, वजनाचा मध्य बरोबर चकतीच्या खुंटीवर आला की नाही याचा अंदाज घेतला, पुन्हा उतरला, आणि पाठ लावून ढकलायला लागला. क्षणभर काहीच हललं नाही. मग आठ टनांचं इंजिन, वाफ सोडत, हळूहळू वळायला लागलं.

सात वर्षांची आमची मुलगी कठड्याला नाक लावून पाहत होती. "मावशी," ती म्हणाली, "हा एकटाच ढकलतोय. म्हणजे किती किलो?"

आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसून हिशेब करायला लागलो.